न समजता जाण्यास मनाई

सर आत कुणालाही येऊ देत, बाहेर मात्र सहजासहजी सोडत नसत. आदिलाबादच्या बसस्टँडामागे आमची मराठी शाळा होती आणि शाळेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला लागून, त्यांची ती खोली. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'गणनयंत्रांचे संग्रहालय. पाहणे विनामूल्य. न समजता जाण्यास मनाई.' खाली हेच तेलुगूत आणि उर्दूत. लोकांना ती गंमत वाटे. गंमत नव्हती. निघताना सर दारात आडवे उभे राहत आणि एक प्रश्न विचारत. उत्तर आलं तर वाट मोकळी. नुसतं 'हो हो, समजलं' म्हणणाऱ्याची रवानगी पुन्हा पहिल्या टेबलापाशी. हेडमास्तरांचे व्याही एकदा असे आत अडकले होते आणि तिकडे घरी वाढलेली पानं तासभर माशा हाकलत बसली होती.

मी त्या शाळेत लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी हंगामी. दर वर्षी जूनमध्ये ऑर्डर येईल की नाही, या धास्तीत अख्खा मे महिना जायचा. माझे वडील तामसीकडे दुसऱ्यांच्या शेतांत राबलेले. घरात पहिली नोकरी माझी. सर गणिताचे, रिटायर व्हायला थोडी वर्षं उरलेले. पांढरा शर्ट, खांद्यावर दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, आणि बोटं सतत मिटत-उघडत असलेली. मला आधी वाटलं, जप करतात. तो जप नव्हता. कॉम्प्युटर ज्या पद्धतीनं मोजतो त्या पद्धतीनं ते बोटांवर मोजत. अंगठा म्हणजे एक, त्याच्या शेजारचं बोट दोन, मधलं चार, असं. एका हातावर एकतीसपर्यंत जाता येतं, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी चहा पिता पिता शिकवलं. समोरच्या टपरीवाल्यालाही त्यांनी ते शिकवून ठेवलं होतं. एकदा टपरीवर नवा माणूस आला होता. सरांनी मैदानातून दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन अधिक चार, सहा. त्यानं बिचाऱ्यानं दोनच चहा आणले. आम्ही सहा जणांनी ते बशीत वाटून घेतले. "त्याची काय चूक हाये? त्याले कोणं सांगतलंच नाई," असं म्हणून सर टपरीवर गेले, आणि मधल्या सुट्टीनंतरचा त्यांचा तास मला घ्यावा लागला.

खोलीची सुरुवात माझ्या आधीची. ती मी शाळेतल्या जुन्या लोकांकडून इतक्यांदा ऐकली आहे की आता मीच तिथे होते असं वाटतं. ऐंशीच्या दशकात, मधल्या कुठल्यातरी वर्षी, सरकारच्या योजनेत शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला. टीव्हीला जोडायचा, आणि गाण्याच्या कॅसेटसारख्या कॅसेटमधून त्याचा प्रोग्रॅम भरायचा. शिकायला हैदराबादला तीन आठवडे जायचं होतं, तेही ऐन सुट्टीत. बाकीच्या मास्तरांच्या घरी अचानक लग्नं निघाली. सर गेले. परत आले ते नियम घेऊन: चपला बाहेर, खिडक्या बंद, आत कूलर. आदिलाबादच्या उन्हाळ्यात ज्या शाळेत पोरांना पंखा नव्हता, तिथे कॉम्प्युटरला कूलर आला. पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांच्या फायलीही "महत्त्वाच्या आहेत" म्हणून त्याच खोलीत आल्या, आणि फायलींमागोमाग हेडमास्तर.

चपला बाहेर काढायच्या, आत गार अंधार, मधोमध कापड पांघरलेली वस्तू. हे सगळं पाहून शाळेचा शिपाई पोशट्टी याचा जो समज व्हायचा तोच झाला. दसऱ्याला सगळे आपापल्या अवजारांची पूजा करतात. त्यानं पहाटे आंघोळ करून कॉम्प्युटरची केली. झेंडूचा हार, उदबत्ती, आणि प्रत्येक बटणाला न चुकता हळद आणि कुंकू. वर, काही राहून जायला नको म्हणून, कॅसेटच्या फटीत अक्षता. सर आले तेव्हा तो हात जोडून उभा होता. "पूजा चेसिना, सार," म्हणाला. पूजा केली म्हणून. सरांनी बटण दाबलं. टीव्हीवर मुंग्या आल्या. त्या नंतर कधी गेल्या नाहीत.

पोशट्टीची नोकरी जाणार अशी शाळाभर कुजबुज होती. सर त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी एक कार्ड लिहिलं आणि कॉम्प्युटरच्या पुढ्यात टेकवून ठेवलं: 'मृत्यूचे कारण: हळदकुंकू. दोष कुणाचाच नाही. आम्ही नीट समजावून सांगितले नव्हते.'

दुरुस्तीला हैदराबादहून माणूस येणार होता. तो काही आला नाही. एक दिवस सरांनी सरळ कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, खिडक्या उघडल्या, चपलांचा नियम रद्द केला आणि पोरांना आत बोलावलं. चालता होता तोवर पोरांनी त्याला लांबून पाहिलं होतं, हात लावला तो मेल्यावर. आतली पट्टी, तिच्यावरचे काळे किडे, कुठून काय कुठे जातं, सगळं सर सांगत. मग त्यांच्या डोक्यात आलं की याचे आईबाप, आजे-पणजे कोण, तेही दाखवलं पाहिजे. तिथून ते सुटले.

पहिल्या टेबलावर गुराख्याची काठी होती, प्रत्येक ढोरामागे एक खाच पाडलेली. 'हा कॉम्प्युटरचा पणजा' असं कार्ड. त्यानंतर मण्यांची चौकट. मग भोकं पाडलेली जाड कार्डं, हैदराबादेत कुठल्याशा कचेरीत काम केलेल्या एका नातेवाइकानं दिलेली; जुनी यंत्रं ही भोकं वाचून माणसांची माहिती वेगळी करत. ही कार्डं समजावताना सरांची नेहमी फे फे उडे. मग बाजाराला आलेली तलमडुगूची एक म्हातारी कार्ड उजेडाकडे धरून म्हणाली, "हे त चाळणीवानी हाये. ज्याले भोक सापडलं ते खाली, नाई सापडलं ते वर." सर तिच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेपुढे त्यांनी सांगितलं की हैदराबादेत तीन आठवड्यांत जे त्यांना उमगलं नव्हतं, ते त्या मावशीनं एका मिनिटात सांगितलं. त्या दिवसापासून कार्डांशेजारी ज्वारीची चाळणीही आली.

भैंशाच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हातानं फिरवायचं गुणाकाराचं यंत्र धूळ खात पडल्याचं त्यांना कळलं, तेव्हा ते धूड मांडीवर घेऊन ते बसनं निघाले. कंडक्टर म्हणाला, "ये क्या है, सिलाई मशीन?" सर म्हणाले, "घुमाके देखो." बसमधल्या सीटांच्या रांगा गुणिले एका रांगेतली माणसं, असा हिशोब कंडक्टरनं दांडा फिरवून काढला. घंटी वाजली. मग मागच्या सीटवाल्यांना पाहायचं होतं. निर्मळला गाडी चहाला थांबली तेव्हा ड्रायव्हरनंही दांडा हातात घेतला. त्याला समजायला जरा वेळ लागला आणि आदिलाबादची गाडी त्या दिवशी अर्धा घंटा उशिरा पोचली. कुणी तक्रार केली नाही म्हणतात. सगळे आत गुणाकार करत होते.

पण त्यांचा खरा कार्यक्रम बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी तामसी, तलमडुगूकडचे लोक गावात येत आणि दुपारी परतीच्या गाडीची वाट पाहत बसस्टँडवर बसून राहत. सर तिथे जाऊन खणखणीत आवाजात ओरडत, "तामसीची गाडी याले अजून दीड घंटा हाये. तवर कॉम्प्युटर पाहून घ्या!" हेच हिंदीत, हेच मोडक्या तेलुगूत. उन्हापेक्षा सावली बरी म्हणून लोक येत. पिशव्या, कोंबड्या, लेकरं, सगळ्यांसकट.

खोलीत भिंतीला लागून चार खुर्च्या होत्या. प्रत्येकीच्या मागे भिंतीवर चुन्यानं आकडा: उजवीकडून एक, दोन, चार, आठ. सर चौघांना त्यांच्यावर बसवत. नियम एकच. उजवीकडून खांद्यावर थाप पडली आणि तुम्ही बसलेले असाल, तर उभं राहायचं. उभे असाल, तर बसायचं आणि डावीकडच्याला थाप द्यायची. पहिल्याला थापा सर स्वतः देत. बसलेला म्हणजे शून्य. "शून्य, सुन्ना, सिफर," असं ते तिन्ही भाषांत म्हणत. उभ्या माणसांमागचे आकडे मिळवले की थापा किती पडल्या ते निघे. सात थापांना उजवीकडचे तिघं उभे, आठवीला तिघं धपाधप खाली आणि चौथा एकटा वर. तो क्षण आला की सगळी खोली हसे. "झाला कॉम्प्युटर," सर म्हणत. "आता असेच लाखभर माणसं नखाएवढ्या जागेत बसवा." आणि मग ते दारात आडवे होत.

सर रिटायर झाले, तरी दर बाजारच्या दिवशी येत राहिले. खोलीची चावी त्यांच्याकडेच होती, कुणी मागितली नव्हती. ती मागायची वेळ आली दोन वर्षांनी. सरकारच्या नव्या योजनेत शाळेला सात नवे कॉम्प्युटर मिळणार होते आणि त्यांना खोली हवी होती. सगळ्यांचा डोळा सरांच्या खोलीवर. आणि ते कॉम्प्युटर शिकवायला एक शिक्षक हवा होता, त्याला पंधरा दिवसांचं शिक्षण आणि कायमची ऑर्डर. हेडमास्तरांनी माझं नाव पाठवलं होतं. मी ते सरांना सांगितलं नाही. बरेच दिवस त्यांच्यासमोर चहासुद्धा घेतला नाही.

खोली पाहायला एक साहेब यायचे होते. सर मला म्हणाले, "बाई, त्याईले एक वेळ पाहू द्या. पाह्यल्यावर कोणी बंद करते का?" त्यांचा खरंच विश्वास होता.

साहेब बाजारच्या दिवशी आले. सरांनी घाईघाईनं चार माणसं बसवली. एकच्या खुर्चीवर मी. माझ्या डावीकडे तामसीची एक तरणी सून, तिच्यापलीकडे तलमडुगूचा एक शेतकरी, आणि आठवर पोशट्टी. सर म्हणाले, "आप बोलिए, कितने तक गिनना है?" साहेब म्हणाले, "ग्यारह." सरांनी मला पहिली थाप दिली. मी उठले. दुसरीला मी बसून सुनेला थाप दिली, ती लाजत उभी राहिली. तिसरीला मी पुन्हा उठले. एवढ्यात बाहेर कंडक्टर तलमडुगूच्या गाडीचा पुकारा करू लागला, आणि चारच्या खुर्चीवरचा शेतकरी पिशवी उचलून पसार झाला. कॉम्प्युटरमधला एक भाग गाडी पकडायला निघून गेला, असं जगात दुसरीकडे कुठे झालं असेल असं वाटत नाही.

दारातून एक म्हातारा डोकावत होता. नेहमी येणारा, बऱ्याचदा दारात अडकलेला. सरांनी त्याला हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं आणि मला चौथी थाप दिली. मी बसले, सुनेच्या खांद्यावर थाप दिली. आता तिनं बसायचं होतं. ती बसेना. डोक्यावरचा पदर तिनं आणखी पुढे ओढला.

"बस, माय," सर म्हणाले. "कूर्चो. बैठो." ती ढिम्म उभी. सरांच्या कपाळावर घाम आला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हसून म्हणाले, "मशीन फेल, मास्टरसाब."

ती माझ्या कानाशी पुटपुटली, "मामाजी हायेत वं बाई ते."

तो म्हातारा तिचा सासरा. तिलाच शोधत आला होता. सासऱ्यासमोर खुर्चीवर कशी बसणार, आणि बसून वर त्यांच्याच खांद्यावर थाप कशी मारणार? मी सरांना हळूच सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. एवढी वर्षं त्यांनी माणसं बसवली होती, पण नाती विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या ते ध्यानात आलं. सुनेकडे न पाहता तो सरांना म्हणाला, "सर, तिले सांगा बसाले. घरी नाई आपण आता, मशीनीत हाओ."

ती खुर्चीच्या काठावर टेकली. थाप काही दिली नाही. दोन्ही हात पदराखाली. आणि म्हातारा आपण होऊनच उठून उभा राहिला. "थाप कायले पाह्यजे? ते बसली, मी उठलो. चार झाले. होऊ द्या पुढं."

सर आनंदानं ओरडले, "बिनतारी! बिनतारी चालून राह्यला!" मग थापा सुरू झाल्या. आठला ती बसल्याबरोबर म्हाताऱ्यानं बसून पोशट्टीला अशी थाप दिली की तो उडालाच. अकराव्या थापेला पोशट्टी, सून आणि मी उभे होतो. आठ, दोन, एक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, मनापासून. मग रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "बहुत अच्छा, मास्टरसाब. सच में. लेकिन कमरा तो खाली करना पडेगा. ये लोग तो बाहर भी बैठ सकते हैं."

त्या दिवशी सरांनी दारात कुणाला अडवलं नाही.

निरुपयोगी वस्तूंची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. खाली सहीही माझीच हवी होती, खोली मलाच मिळणार होती म्हणून. नाही म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं नाही. वडिलांचे हात डोळ्यांसमोर होते, हे खरं. पण भ्याले होते, हे जास्त खरं. मी लिहीत असताना सर आले. यादी हातात घेऊन त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली, एकेका वस्तूवर बोट ठेवत. मग म्हणाले, "गुराख्याची काठी राह्यली, बाई. लिहून घ्या. यादी बरोबर पाह्यजे." मी लिहिलं.

भंगारवाला हातगाडा घेऊन आला, तेव्हा सरांनी त्याच्याकडून गुणाकाराच्या यंत्राचा दांडा फिरवून घेतला, कार्डं चाळणीसारखी कशी, ते सांगितलं, मरण पावलेल्या कॉम्प्युटरचं पोट दाखवलं. तासभर. तो शहाणा माणूस होता, त्यानं शेवटी दोन प्रश्न विचारले. मग गाडा गेला. मी वर्गाच्या खिडकीतून पाहत होते. बाहेर येऊन त्यांच्याजवळ उभं राहायला पाहिजे होतं. आजही ते माझ्या मनातून जात नाही.

नवे कॉम्प्युटर आले. मी हैदराबादेत पंधरा दिवस शिकून आले, ऑर्डर कायम झाली, आईनं गावभर साखर वाटली. खोलीला निळा रंग आला, खिडक्यांना पडदे आले. मी पोरांना उंदीर धरायला शिकवलं, पडद्यावर घर काढायला, झाडात हिरवा रंग भरायला शिकवलं. सगळं छान चाललं होतं.

आणि एका बाजारच्या दिवशी, तास चालू असताना, दारात आवाज आला. "बाई, येऊ का आत? बसू का जराकसा?"

सर मागच्या बाकावर, पोरांच्या ओळीत बसले. पूर्ण तास. पोरांनी घरं काढली, मी ती पाहत फिरले, माझी पाठ त्यांच्याकडे होईल अशी काळजी घेत. तास संपायला आला तसा त्यांनी हात वर केला. विद्यार्थ्यानं करावा तसा.

"बाई, तुमी हिरवा म्हणता आणि ते हिरवं होते. आतमंदी काय होते तवा?"

पोरं माझ्याकडे वळली. मला एक वाक्य पाठ होतं, पुस्तकातलं. ते ओठांवर आलं. पण ज्या माणसाची खोली मी सही करून घेतली होती, त्याच्यासमोर त्याच खोलीत उभं राहून ते वाक्य म्हणणं मला जमेना.

"मले नाई माहीत, सर," मी म्हटलं. "शिकवलंच नाई आमाले."

मला वाटलं, आता बोलतील. बोलायचा त्यांना हक्क होता, आणि मला ते ऐकायचंच होतं एकदा. ते उठून पुढे आले. "मी हैदराबादहून आलो ना, बाई," ते हळू म्हणाले, "तवा मलेई नव्हतं माहीत. पण सांगाची लाज वाटे. म्हून चपला बाहेर काढाले लावल्या, खिडक्या बंद केल्या, कोणाले हात लावू देल्ला नाई. पोशट्टीनं पूजा नसती केली, त मी अजूनई तसाच राह्यलो असतो." मग सातपैकी कडेच्या कॉम्प्युटरवर त्यांनी तळहात ठेवला. "खोलाचा का?"

मागच्या बाजूला कागदी सील होतं. ते फाटलं तर जबाबदारी शिक्षकाची, असं मी लिहून दिलेलं होतं. कायमची ऑर्डर हातात येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

"भेव नाई वाटत?" त्यांनी विचारलं.

"वाटते, सर."

त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरला. मी खिडक्यांचे पडदे बाजूला सारले, पोरांना म्हटलं, सगळे जवळ या, आणि सील माझ्या हातानं फाडलं.